जेवायच्या वेळी

बालमंदिराच्या फाटकातून आत शिरताना हेतवीनं बापाचं बोट सोडलं, आणि रमणीकला ते चार पावलं पुढं गेल्यावर कळलं. बोट तसंच राहिलं होतं, किंचित वाकलेलं, अजून कुणी धरल्यासारखं. पोर वाळूच्या खड्ड्याकडे निघाली होती. मागं वळून बघणं नाही, ओठ काढणं नाही, पायांना मिठी नाही. सतरावा दिवस होता तो. सोळा दिवस ह्याच फाटकात तिनं आकांत मांडला होता, त्याच्या शर्टाची दोन बटणं तोडली होती, एकदा तर रडून रडून सकाळची भाकरी त्याच्या खांद्यावर ओकली होती. मुलांना घरोघर जाऊन बोलावून आणणारी, त्यांची नाकं पुसणारी मंछाबेन झाडता झाडता थांबली आणि म्हणाली, "घ्या, सुटलात एकदाचे! आता पेढे काढा, भाई." रमणीक हसला. हसता हसताच त्याचा तोल गेल्यासारखं झालं. जिना उतरताना अजून एक पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि खाली जमीनच लागावी, तसं. हायसं वाटायला हवं होतं. आपण ह्याचसाठी तर रोज येत होतो, असं त्यानं स्वतःला दोनदा सांगितलं. मग तो ओट्यावर जाऊन आपल्या नेहमीच्या छोट्या खुर्चीवर बसला. खुर्ची तीन वर्षांच्या मुलांच्या मापाची, लाल रंगाची. तिच्यावर बसलं की गुडघे छातीशी येत आणि आपण कुठंतरी परत आलो आहोत असं वाटे.

अशा बसण्याची त्याला सवय होती. वीस वर्षं तो सुरतेत घंटीवर बसला होता. हिरे घासायची ती फिरती चकती, तिच्या चारी बाजूंनी चार कारीगर, गुडघ्याला गुडघा लागलेला, डोळ्याला भिंग. तांदळाच्या कणीएवढा हिरा चकतीला लावायचा, उचलायचा, भिंगातून बघायचा, परत लावायचा. वीस वर्षांत त्याच्या नजरेला जवळचं, फार जवळचं, तेवढंच नीट दिसायची खोड लागली. बायकोच्या चेहऱ्याकडे बघताना त्याला तिच्या भुवईतला एक आडवा केस दिसे, तिचं थकणं दिसत नसे. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी म्हणून कारखान्याला कुलूप लागलं ते देवदिवाळी उलटून गेली तरी निघालं नाही. परदेशात कुणी हिरे घेईना म्हणे. कारखान्याचे मास्तर फोन उचलीनासे झाले. सुरतेच्या कतारगाम भागातल्या गल्ल्यांमध्ये भर दुपारी दाढी वाढलेले पुरुष दिसू लागले, पानाच्या गादीसमोर, देवळाच्या पायऱ्यांवर, आपापल्या दाराशी. हात कुठं ठेवावेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याची बायको, दक्षा, तेव्हा साड्यांच्या कारखान्यात धागे कापायला जायला लागली. सकाळी तिकडं आणि दुपारनंतर टिकल्या लावायच्या साड्या घरी, असं तिनं ठरवून घेतलं. आणि मोरबीहून तिच्या भावाचा निरोप आला, फरशांच्या कारखान्यात माल चढवायला माणूस हवाय, संक्रांतीच्या उत्तरायणानंतर भावजींना पाठव, इथंच राहायची सोय आहे.

म्हणजे हे आधीच ठरलेलं होतं. हेतवीला बालमंदिरात घालायचं, कारण बाप नसेल आणि आई सकाळी कामावर असेल. तेव्हा दक्षा म्हणाली होती, "ऐकता का, मी आठ-दहा दिवस कामावर सुट्टी सांगते आणि तिला तिथं मीच बसवते. तुम्ही तर जाणारच आहात." साडीच्या काठावरून कात्री चालवता चालवता ती हे बोलली होती, मान वर न करता. रमणीक म्हणाला, "तू कशाला खाडे करतेस? मी रिकामाच आहे." हे बोलणं इतकं रास्त होतं की त्यावर कुणी काही बोलण्यासारखं नव्हतं. त्यात दडलेलं दुसरं काहीतरी त्याचं त्यालाही तेव्हा दिसलं नाही. किंवा दिसलं, आणि त्यानं भिंग बाजूला ठेवलं.

बालमंदिर चालवणाऱ्या निरुबेननी पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता. पन्नाशीच्या, खादीची साडी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. भावनगरला बालशिक्षण शिकलेल्या. "रमणीकभाई, एकच गोष्ट पाळा. गुपचूप पळून जायचं नाही. मूल खेळात रमलं की आईबाप हळूच निसटतात, आणि मूल मान वर करतं तेव्हा माणूस नसतं. त्यानंतर ते मूल खेळतच नाही, पहाऱ्यावर बसतं. तुम्ही सांगून जा. ओट्यावर जातो म्हणालात तर ओट्यावरच दिसा. जेवायच्या वेळी येतो म्हणालात तर वरणभाताची ताटली पडायच्या आत या. ती रडेल. रडू दे. रडणं वाईट नाही, रमणीकभाई. फसणं वाईट." तेव्हा त्यानं मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला असं काम देत होतं ज्यात फक्त त्याचं असणं पुरेसं होतं.

पहिले चार दिवस तो खोलीतच बसला, हेतवी मांडीवर, तिचं तोंड त्याच्या काखेत. पाचव्या दिवशी ती मांडीवरून उतरली, पण घोट्यापाशी त्याची विजार मुठीत धरून. ती मूठ तो तासन् तास बघत बसे. चार नखं, प्रत्येकाच्या मुळाशी एकेक पांढरी कोर, करंगळीच्या नखावर सुईच्या टोकाएवढा डाग. अशी स्वच्छ वस्तू त्याच्या हाताखालून कधी गेली नव्हती. सातव्या दिवशी तो म्हणाला, "हेतु, मी ओट्यावर जातो हं. इथून दिसतो बघ." ती रडली, पण तो दिसत राहिला. दहाव्या दिवशी फाटकापर्यंत. बाराव्या दिवशी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत, आणि अर्ध्या तासात परत. प्रत्येक वेळी सांगून आणि प्रत्येक वेळी सांगितल्या वेळेला. परत आला की ती रडायची थांबे, नाक ओढे आणि तो खरंच तोच आहे ना हे बघितल्यासारखी त्याच्या गालावर तळहात फिरवी. बाकीची मुलं त्याला ओळखू लागली. कुणी नाडी बांधायला येई, कुणी तुटलेली बाहुली घेऊन. मंछाबेन म्हणे, "हजेरीत तुमचंच नाव घालून टाकू का, भाई? पोरीपेक्षा तुमचेच खाडे कमी." मुलांना आणायला आलेल्या बायका पदराआड हसत. त्यालाही हसू येई. गल्लीतल्या कुठल्याच पुरुषाला सकाळी नऊ वाजता जायला अशी जागा नव्हती.

आणि आज तिनं बोट सोडलं होतं. वाळूत बसून ती एका मुलाच्या डब्यात आपल्या ओंजळीतली वाळू ओतत होती. त्यांच्यात काहीतरी बोलणंही चाललं होतं. रमणीक लाल खुर्चीवर गुडघे उराशी घेऊन बसला आणि त्याला आपली आई आठवली. आठवली म्हणजे काय, चेहरा नव्हताच आठवत. गावी, गारियाधारकडच्या त्यांच्या घरात पाणी ठेवायच्या ओट्यावर दोन पितळी घागरी असत, तिथं एक दिवस एकच होती. तो चार वर्षांचा. आई बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि तिथंच वारली, हे त्याला फार नंतर कळलं. तेव्हा फोई, म्हणजे त्याची आत्या, म्हणाली, "पाणी भरायला गेलीय, येईल आत्ता." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. तिसऱ्याही. तो वाटेकडे तोंड करून उंबऱ्यावर बसे. घागर घेऊन येणारी प्रत्येक बाई लांबून आईच असे आणि जवळ येता येता दुसरीच कुणी होऊन जाई. नवव्या की दहाव्या दिवशी तो उंबऱ्यावरून उठला, आत गेला, बाजरीची भाकरी गुळाशी खाल्ली आणि गोट्या खेळायला निघून गेला. फोई शेजारणीला म्हणाली, "विसरला बिचारा." तो विसरला नव्हता. त्याला कळलं होतं. काय कळलं होतं ते सांगायला शब्द तेव्हा नव्हते, आणि आता शब्द होते तर ऐकायला कुणी नव्हतं. पण त्या दुपारच्या गुळाची चव त्याला अजून नेमकी आठवत होती. गोड होता, आणि तो खाताना त्याला कुणाचीच वाट बघायची नव्हती.

त्यानंतरचे तीन आठवडे त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, आणि ते सुख चोरीचं आहे हे त्याला रोज थोडं थोडं कळत गेलं. निरुबेन म्हणाल्या, "आता बसायची गरज नाही. सोडा, आणि जेवायच्या वेळी घ्यायला या." तो सोडे. खाली बसून तिच्या सँडलचा पट्टा काढे, म्हणे, "जेवायच्या वेळी येतो हं." ती म्हणे, "ये." मालकिणीनं गड्याला सांगावं तसं. मग तो टपरीवर बसे, कुठंही जात नसे, आणि बाराला दहा कमी असताना फाटकाशी उभा असे. ताटल्यांचा आवाज सुरू झाला की हेतवी मान वर करी, आणि तो तिथं असे. ती आनंदानं ओरडत वगैरे नसे. फक्त एकदा बघे आणि पुन्हा जेवू लागे, जणू सूर्य उगवला की नाही हे बघून घ्यावं. ते बघणंच त्याच्या काळजात रुते. एवढा विश्वास त्याच्यावर कुणी टाकला नव्हता. ना बापानं, ना शेठनं, ना दक्षानं. आणि त्या विश्वासाचा प्रत्येक पैलू त्यानं स्वतःच्या हातानं घासून काढला होता, एकेक दिवस, एकेक वेळ पाळून, एका ठरलेल्या तारखेला तो फोडण्यासाठी.

उत्तरायणाच्या दोन दिवस आधी त्यानं निरुबेनना सांगितलं. मुलं अंगणात पतंगाचे कागद चिकटवत होती. खळीचा आंबूस वास येत होता. निरुबेन ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "हे कधी ठरलं?"

"दिवाळीनंतर."

"म्हणजे पहिल्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

त्यानं खाली पडलेला पतंगाचा कागद उचलला.

"रमणीकभाई, मला आधी का नाही सांगितलंत? मी हे तुमच्याकडून करून घेतलंच नसतं. तिच्या आईकडून करून घेतलं असतं. जे माणूस राहणार आहे त्याच्यावर बसवायचा असतो विश्वास. मी तो तुमच्यावर बसवला." त्यांचा आवाज चढला नाही. "आता काय करू मी? तिला काय सांगू, ओट्यावर गेलेत म्हणून?"

"दक्षाचे खाडे पडले असते," तो म्हणाला. म्हणता म्हणता त्याला आपला आवाज किती खोटा आहे ते ऐकू आलं. निरुबेन त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना कळलं असावं. कारण त्या एकदम मऊ झाल्या आणि ते रागापेक्षा वाईट होतं. "बरं. निदान सांगून जा. खरं सांगा. तिला कळणार नाही, तरी सांगा."

त्यानं सांगायला सुरुवात केली. गच्चीवर पतंगांचा गोंगाट, हेतवी त्याच्या मांडीवर तीळगुळाची चिक्की चोखत. "हेतु, मी लांब जाणार आहे." ती म्हणाली, "फाटकापर्यंत?" "त्याच्यापेक्षा लांब." तिनं विचार केला. "टपरीपर्यंत?" तिच्या जगाचं ते शेवटचं टोक होतं, आणि ते त्यानंच तिथं रोवलं होतं. दक्षा फिरकी धरून उभी होती. ती म्हणाली, "कशाला तिच्या डोक्याला ताप देता? कळायचं ते कळेल." मग थोड्या वेळानं, दोरा सोडता सोडता, "मी म्हटलं होतं ना, मी बसवते. तुम्हालाच हौस." एवढंच. त्याच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

जायच्या दिवशी दहाची बस होती. खांद्यावर पिशवी घेऊनच तो बालमंदिरात गेला. फाटकाशी खाली बसला, सँडल काढली. "हेतु, ऐक. मी आज येणार नाही. आज मम्मी येईल. उद्यापण मम्मी. मी खूप खूप दिवसांनी येईन." हेतवीनं लक्ष देऊन ऐकलं. मग तिनं त्याचं चुकलेलं दुरुस्त केलं. "जेवायच्या वेळी ये," ती म्हणाली, एकेक शब्द सुटा करून. त्याला कदाचित पाठ नसेल म्हणून. मागं ओट्यावर निरुबेन उभ्या होत्या. रमणीकच्या तोंडून शब्द निघाला, "हो." तो 'हो' कुठून आला त्याला कळलं नाही. ती आत पळाली. निरुबेननी मान फिरवली.

मोरबीत सगळं पांढरं होतं. रस्ता, झाडं, माणसांच्या पापण्या. फरशांची खोकी उचलायची, ट्रकमध्ये लावायची. पहिल्या दिवशी बारा वाजता त्याचे हात आपोआप थांबले. मेहुणा म्हणाला, "काय भावजी, आत्ताच दमलात?" संध्याकाळी दक्षाचा फोन. ती म्हणाली, "फाटकाचे गज धरून बसली. पप्पा येणारेत म्हणे. जेवली नाही. उचलून आणायला गेले तर मला चावली." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दक्षा रडली. "मला विचारते, तू का आलीस? मी आई आहे तिची, आणि मला विचारते, तू का आलीस?" रमणीकनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. तिकडून कात्रीचा आवाज येत होता. रडताना ती धागे कापत होती. "तिला दे," तो म्हणाला. हेतवी फोनवर आली, नुसता श्वास ऐकू आला. "हेतु, मी येईन हं," तो म्हणाला. श्वास थांबला. मग तिनं विचारलं, "जेवायच्या वेळी?" आणि त्यानंच फोन ठेवला. त्यानंतर बोलायला तिला बोलावलं की ती येत नसे. चौथ्या का पाचव्या दिवसापासून तो विचारत असे, "आज?" दक्षा म्हणे, "आज थोडं कमी." मग एकदा ती म्हणाली, "आज काहीच नाही. गेली, जेवली, आली. निरुबेन म्हणाल्या, आता बसली." तिच्या आवाजात सुटकेचा सूर होता, आणि तो त्याला समजत होता, तिलाही दिवसभर काम होतं. त्यानं दिवस मोजले. मोजायची गरज नव्हती. त्याला आकडा आधीच ठाऊक होता, तो स्वतः उंबऱ्यावरून उठला होता तेवढाच. त्या दिवशी त्यानं खोकं पायावर पाडून घेतलं. अंगठ्याचं नख काळं पडलं, आणि त्या ठणक्यानं दोन दिवस त्याला बरं वाटलं.

होळीला तीन दिवसांची सुट्टी मिळाली. तो सकाळी घरी पोचला तेव्हा हेतवी दूध पीत होती. तिनं पेला खाली ठेवला, म्हणाली, "पप्पा." त्यानं उचललं तर उचलू दिलं. गळ्यात हात घातले नाहीत, पण हात बाजूलाही केले नाहीत. दक्षा हरखली. "बघा, ओळखलं की नाही? मला वाटलं होतं लाजेल." त्यानं आणलेला फ्रॉक तिनं घालून दाखवला. होळीची धाणी, म्हणजे ज्वारीच्या लाह्या, आणि खजूर खाल्ला. होळीभोवती त्याच्या कडेवर बसून फेरा घातला. सगळं करून दाखवलं. दोन दिवस तो तिला न्याहाळत राहिला, इतक्या जवळून की डोळे दुखावेत. नखं तीच होती, कोर तीच. कुठं तडा गेलाय ते सापडत नव्हतं. आईनं "मी नळावर जाऊन येते" म्हटलं तरी ती मान वर करत नसे, एवढंच. शेजारणी म्हणाल्या, "किती गुणाची झालीय!"

तिसऱ्या दिवशी बालमंदिर उघडलं. त्याची बस चारची होती. सकाळी तिला सोडायला तो गेला. वाट तिला पाठ होती. ती पुढं, तो मागं. फाटकाशी तो खाली बसेपर्यंत तिनं स्वतःच पट्टा काढून सँडल ओळीत लावली होती. "हेतु," तो म्हणाला, "आज मी घ्यायला येणार. जेवायच्या वेळी. आज खरंच." खाली बसल्यामुळे दोघांचे डोळे एका पातळीवर होते. ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. मोठी माणसं दारावर आलेल्या फेरीवाल्याचं ऐकून घेतात तसं ती ऐकून घेत होती. "बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

तो टपरीवर बसला. मग तेही नको म्हणून फाटकाशीच येऊन उभा राहिला, अकरापासून. ऊन चढलं होतं. मंछाबेननं पाणी आणून दिलं, म्हणाली, "पोर तुमची सोन्यासारखी झालीय, भाई. कुणासाठी म्हणून रडत नाही आता." ताटल्यांचा आवाज सुरू झाला. आत दोन-तीन माना फाटकाकडे वळल्या. एक नवीन मुलगा आला होता, तो तर उभाच राहिला. हेतवी पाठमोरी बसली होती. तिनं ताटली पुढं ओढली, भात कालवला, खाल्ला, बोटं चाटली, ताटली नळाशी नेऊन ठेवली. तो गजांमधून बघत होता. एकदा तरी, तो मनात म्हणत होता, एकदा तरी वळ, मी आहे, बाराला दहा कमी असल्यापासून, त्याच्याही आधीपासून आहे. ती वळली ती मंछाबेननं हाक मारल्यावर. "हेतवी! बघ कोण आलंय!"

ती आली. त्याला बघून तिला नवल वाटलं नाही आणि आनंदही झाला नाही. "आलो की नाही?" तो म्हणाला. "बघ, म्हटलं होतं, आणि आलो की नाही?" तिनं मान डोलावली. मोठ्यांना बरं वाटावं म्हणून मुलं डोलावतात तशी. ओट्यावरून निरुबेन बघत होत्या. त्या पुढं आल्या नाहीत. रस्त्यावर ऊन असह्य होतं. दोघं भिंतीच्या सावलीतून चालले. मग तिनं विचारलं,

"पप्पा, तू कधी जाणार?"

तो थांबला. खोटं बोलायला जागा नव्हती, आणि आता त्याचा काही उपयोगही नव्हता.

"चारच्या बसनं," तो म्हणाला.

हे तिला लगेच पटलं. तिनं मान हलवली आणि ऊन टाळत, भिंतीला हात लावत, पुढं चालू लागली.